वाजवी झीज

भावसारांच्या सुनंदनने टेबलावर तीन कागद ठेवले.
तिन्हींवर हप्ता ठळक, बाकी सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत.
आज ओटी रिकामी होती,
म्हटलं, काय ते ठरवूनच टाकू.

पहिली ताऱ्याची.
आत चौसष्ट रंगांचा उजेड, सीट पाठ चेपून देते.
दुसरी चार कड्यांची,
दार लागतं ते लॉकरसारखं, गप्प.
तिसरीचं नाव धुळ्यात कुणाला धड घेता येत नाही,
बेताची उंची, रुंद खांदे,
उभी असली तरी दबा धरल्यासारखी.
सर्व्हिसला नाशिक, जाऊन-येऊन अख्खा दिवस.

"मॅडम, उरलेली किंमत बघा."
छत्तीस महिन्यांनी कोण किती उरेल
ते त्याने टक्क्यांत मांडलेलं:
बावन्न, एकोणपन्नास, आणि हिची त्रेचाळीस.
जी जास्त उरते तिची झीज कमी भरायची,
म्हणजे महागडी गाडी भाड्याने स्वस्त.
मी तीनदा विचारलं. तीनदा त्याने तेच सांगितलं,
तिसऱ्यांदा जरा हळू.

आकडे मला कळतात रे,
साठ किलोच्या बाईला किती मिलिग्रॅम,
हे मी झोपेतून उठूनही सांगते.
पण वर्षाला पंधरा हजारच किलोमीटर?
त्यापुढे दर किलोमीटरला बावीस रुपये?
शिरपूर जाऊन-येऊन शंभरावर,
दोंडाईचा त्याहून थोडं लांब, आणि बहुधा रात्री दोनला.
दिवाळीच्या आत माझं वर्ष संपतं, सुनंदन.
नंतरची सिझेरियनं कुणाच्या खात्यात टाकू?

तिन्ही मी लळिंगच्या घाटात नेल्या होत्या, मुद्दाम रात्री.
ताऱ्याच्या गाडीत रस्ता असा लागतच नव्हता.
किल्ल्याखालच्या वळणावर
डोळे मिटले माझे. एक पापणीभर.
झोपवायचं काम माझं आहे,
मला कुणी झोपवलेलं चालत नाही.

तिसरी खडखडीत. खड्डा आला की कमरेला कळवते,
स्टिअरिंगमध्ये डांबराचा कण न कण लागतो
बोटाखाली नाडी लागावी तसा.
केळीच्या ट्रकमागून सुटताना तिने जो हुंकार दिला
तो शेहेचाळिसाव्या वर्षी मला आवडला.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, विचारलं नाही.

मग शेवटच्या पानावरचं कलम:
परत करताना वाजवी झीज ग्राह्य.
नखाएवढा ओरखडा माफ,
मोठा असेल तर भरून द्यावा लागेल.

हे वाचताना मी थांबले.
वीस वर्षं मी दुसरं काय करते?
कागदावर सही घेते, कधी अंगठा,
आणि माणसाची शुद्ध घेते, चाळीस मिनिटांपुरती.
मग नावाने हाक मारून परत देते.
घशात खरखर, थोडी मळमळ,
एवढं ग्राह्य धरलेलं असतं.
एकदा परत देता आली नाही.
नरडाण्याची होती, रेशमा नाव.
तिच्या नवऱ्याने काही मागितलं नाही,
फक्त तिच्या चपला मागितल्या.

"मॅडम?" सुनंदन म्हणाला.
तिसरी, मी म्हटलं. आणि पंधरा खोडून तीस कर.
हप्ता वाढेल, म्हणाला. वाढू दे.

गाडी आली त्या दिवशी हिलालभाऊ नारळ घेऊन उभा.
चौदा वर्षं माझ्या गाड्या चालवतो,
तरी चाकाशी जाऊन थबकला:
"आपली नई ना हाई? मंग नारळ कोना नावनं फोडू?"
मला उत्तर सुचेना.
त्याने थोडा वेळ वाट पाहिली,
मग कुणाचंच नाव न घेता फोडला.
पाणी बॉनेटवर उडालं,
तसा शर्टाच्या बाहीने पुसत बसला, घाईघाईने:
"डाग ऱ्हायना ते पैसा कापतीन त्या."