सपाट माप

पोस्टात पार्सलांच्या काट्यावर एकतीस वर्षं काढली,
म्हणून हे टेबल माझ्याकडे आलं.
मला यातलं कळतं ते एवढंच,
की एक हजार चोवीसला इथे सरळ एक के म्हणतात
आणि त्यावरून कुणी भांडत नाही.

लेवोचा गावच्या अग्निशामक दलाचा हॉल. फेब्रुवारी.
बंब बाहेर काढून बर्फात उभे केलेत,
आत पन्नाशीला टेकलेली मुलं,
पोटं सुटलेली, काखेत डिस्कांचे डबे,
रबरी बटणांची यंत्रं, न्हाऊ-माखू घालून आणल्यासारखी.

दोनशे छप्पन बाइटवाले चिमटीत मावतात
तपकिरीसारखे. ओढले की संपले:
एक बोगदा, एक फिरतं वर्तुळ, बस्स.
एक के म्हणजे चिपटं. चार के म्हणजे मापटं,
त्यात संगीत येतं, थोडी हाव येते.
पुढे अठ्ठेचाळीस, मग अख्खी डिस्क,
जी खेळ चालू असतानाच मागून सामान आणत राहते:
पाहुणे ताटावर बसलेत
आणि आत तवा अजून उतरलेला नाही.

माप सपाट. शीग चालत नाही.
झिलिनाहून आलेल्या द्योनीझचं चार हजार सत्त्याण्णव भरलं.
एक बाइट वर.
तो तिथेच भिंतीला टेकून बसला
आणि चाळीस मिनिटांनी आला, दाढ काढून आल्यासारखा.
एक तारा कमी केला, म्हणाला.
मी पाहिलं. आभाळ होतं तसंच होतं.
त्याला मात्र जन्मभर दिसेल ते भोक.

दुसरा रकाना: कसं उतरतं.
एका दमात, की तुकड्यातुकड्यांनी.
डिस्कवरून, की कॅसेटवरून.
त्सिरिल, परीक्षकांतला सगळ्यात लहान, म्हणाला,
हा रकाना आता शोभेचा.
सगळं कार्डावर घेता येतं, पापणी लवेपर्यंत.

वेन्देलिन उशिरा आला.
पोप्राद–केझमारोक बस चालवतो, गणवेशातच होता.
एकच कॅसेट, लेबलावरची शाई पसरलेली.
एकोणनव्वदचं आहे, कुठे दिलंच नव्हतं.
अठ्ठेचाळीस के, तीन तुकडे, पाचेक मिनिटं.
दे, कार्डावर घेतो, त्सिरिल म्हणाला.
नको, वेन्देलिन म्हणाला. का, ते नाही सांगितलं.

मग आम्ही थांबलो.
पडद्याच्या कडेला पट्टे, आधी तांबडे, मग पिवळे-निळे,
आणि तो आवाज,
पत्र्याच्या डब्यात कोंडलेली गांधीलमाशी.
पहिला तुकडा. दुसरा.
मग पट्टे थिजले.
तेव्हा भरताना वायर निसटली असणार,
रेकॉर्डरचा स्वतःचा माइक जागा झाला असणार,
कारण हॉलभर एक बाई म्हणाली, दुसऱ्या खोलीतून,
"वेन्दो, कोळसा संपलाय."
दार लागलं.
पुन्हा गांधीलमाशी. तिसरा तुकडा.

यंत्राने त्यातलं काहीच घेतलं नाही.
त्याच्या लेखी तिथे कुणी बोललंच नव्हतं.
वजन: शून्य बाइट.

डेमो ठीक होता.
बुद्धिबळाचा पट, त्यावर उसळणारा चेंडू,
खाली नागमोडी सरकणारी नावं, त्यातली दोन आता हयात नाहीत.
अशी शंभर असतील. टाळ्या बेताच्या.

वेन्देलिन पेन्सिल घालून फीत गुंडाळत होता.
आणला होता मी, म्हणाला,
लगेच नाही, पण आणला होता.
शेजारच्याला वाटलं, चहाबद्दल बोलतोय.

आकाराच्या रकान्यात मी अठ्ठेचाळीस लिहिलं.
दुसऱ्यात लिहिलं: कॅसेटवरूनच.
त्या 'च'वर त्सिरिलने हरकत घेतली,
यादीत असा प्रकार नाही म्हणून.
पोस्टात होता, मी म्हटलं: समक्ष हाती द्यावयाचे.
त्याने खांदे उडवले.
पुढचा उभाच होता,
मुठीत चिमूटभर काहीतरी घेऊन.