न नळाचा

अकरा लॅपटॉप आले, त्यातला एक सुरूच झाला नाही.
उरले दहा. पोरं बेचाळीस.
एकेकावर चार डोकी
आणि दोघं भिंतीशी, प्लग दाबून उभी,
कारण तिसऱ्या मजल्यावरचं ते सॉकेट
हात काढला की झोपतं.

विषय मुलांनीच निवडावा, असं परिपत्रकात होतं.
मी धरून चालले होते : किल्ले, फुलपाखरं, फार तर सूर्यमाला.
सेल्वी म्हणाली, आमच्या गल्लीत पानी किती वाजता येतं ते.

पाणी, मी म्हटलं, सवयीनं. ण बाणाचा.
मागून दीक्षांत :
पन बाई, पानी तर नळाचंच असतं ना?
वर्ग हसला. मीही हसले,
बऱ्याच उशिरा, शिक्षकखोलीत, डबा उघडताना.

मग आठवडाभर कोकरी आगारच्या गल्ल्या
वहीच्या मागच्या पानांवरून स्क्रीनवर येत राहिल्या.
अल्फिया : चार दहा ते चार पस्तीस, रांगेत एकोणीस, हंडे सहा.
सेल्वी : तीन पन्नास, पण मंगळवारी आलंच नाही,
मंगळवारी काय लिहू?
रेघांचे रकाने झाले, रकान्यांचे खांब,
दीक्षांतचा खांब तेवढा जमिनीतून उगवेना.
आमी कॅन विकत घेतो, तो म्हणाला,
त्याला वेगळा रंग द्यायचा का?
रंगावरून अर्धा तास भांडण.
भगवा नको, हिरवा नको,
निळा पाण्याचा, म्हणून तो आधीच गेलेला,
आणि निळ्याबद्दल दीक्षांतचं वेगळं म्हणणं होतं.
शेवटी राखाडी.
तेवढ्यात घंटा झाली. कुणी उठलं नाही.
तेवीस वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं.

सहा नंबरच्या मशीनची शिफ्ट मेलेली.
डावी दबत नाही, उजवी कुणी उपटून नेलेली.
शिफ्ट नाही म्हणजे ण नाही, ळ नाही,
ट-ठ-ड-ढ सगळी पंगत उपाशी.
टाकी लिहावी तर ताकी. हंडा, तर हंदा.
मुबश्शिरनं दुसऱ्या मशीनवरून अक्षरं आणली पेनड्राइव्हवर,
एका फाइलीत ठेवली, फाइलीला नाव दिलं 'उसने',
आणि लागेल तसं एकेक अक्षर तिथून उचलून
जागच्या जागी बसवत राहिला,
शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा.

अहवाल झाला. मी वाचायला बसले.
टाकी नीट. हंडा नीट. नळसुद्धा नीट.
फक्त पानी.
मोजलं, सत्तावीस वेळा पानी.
हे राहिलं रे, मी म्हटलं.
राहिलं नाय बाई. ताकी कुणाला कळली नसती.
पानी कळतं.

माझा लाल पेन स्क्रीनवर चालत नाही.
आणि मुर्तिजापूरला आमच्या घरी
रांजणात काय असायचं,
डीएडला जाईपर्यंत मी त्याला काय म्हणायचे,
ते मी या वर्गात कधी सांगितलेलं नाही.
त्या दिवशीही नाही सांगितलं.
फाइल तशीच सेव्ह केली.

शुक्रवारी वॉर्डातून साहेब आले.
खांब बघितले, छान म्हणाले,
राखाडीपाशी जरा थांबले, काही विचारलं नाही.
नवव्या पानावर त्यांचं बोट अडलं.
तिथं नुसतं
ननननननननननननन
नननननननननननन

हे काय?
अल्फिया उभी राहिली.
झोप लागली सर. हाताखाली तेच बटण होतं.
मग पुसलं का नाही?
तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, खाली वेळ टाकलीय बघा, अकरा चाळीस, वर्गात.
तीही नोंदच आहे.

साहेब पुढे सरकवत राहिले.
न संपेना. दीड पान होता.
भिंतीशी उभ्या दोघांनी
आवाज न करता
हात बदलला.