लाभार्थी

साखर पेठेतल्या तेलुगू वाचनालयाला
यंदा अनुदान आलं, तेही मार्चअखेर.
चिलवेरी सरांनी पंखा घेतला, कपाट घेतलं,
पावत्या टाचून ठेवल्या.

आता फॉर्मात रकाना: लाभार्थी किती?

लूमवरून सुटलेली पोरं येतात,
केसांत सुताची पांढरी कुसं,
पंख्याखाली मोबाइल बघतात,
भांडतात मराठीत.

राजव्वा दारात, मांडीवर विड्यांचं सूप.
अक्षर येत नाही तिला.
सर मोठ्यानं वाचायला लागले
की पानावरची कात्री थांबते.
‘मळ्ळी चदवंडी,’ म्हणते. परत वाचा.
आणि संध्याकाळी कारखान्यात
हजाराला वीस-पंचवीस कमी भरतात.

सरांनी रकान्यात लिहिलं: एक.
साहेब विचारतील, पुरावा?
तिच्या विडीच्या पासबुकाची झेरॉक्स जोडली,
कमी भरलेल्या आकड्यांखाली
पेन्सिलीनं रेघ मारून.