हयातीचा दाखला

पेटीवर नाव अजून विर्गोलिनोचं.
तो गेला दीड वर्षापूर्वी. मी त्याचं घर घेतलं
भिंतीतल्या ओलीसकट, गच्चीसकट,
गच्चीवरून दिसणाऱ्या मिठागरांसकट.
पत्रं त्याला येतात, मला नाही.
पाण्याचं बिल, दातांच्या डॉक्टरांची आठवण,
आणि ब्राझीलहून कुणाची तरी
निळ्या शाईतली जाड पाकिटं.

चौतीस वर्षं मी टपाल वाटलं
कुसामोच्याही पुढे,
जिथे रस्ता संपल्यावरही तीन घरं उरतात.
पेट्या बर्फात बुडायच्या,
त्यांची तोंडं मी हातांनी उकरून काढायची.
एकाचं पत्र दुसऱ्याच्या पेटीत
कधी पडलं नाही.
निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी घड्याळ दिलं,
जिच्याकडे आता फक्त वेळच उरला होता तिला.

लेकीने विचारलं, इतक्या लांब, आणि तिथेच का?
ऊन, म्हटलं.
एवढंच कारण होतं, आणि तेही
जानेवारीत खोटं निघालं.
बाहेर ऊन लख्ख, घरात मात्र
आपल्याच श्वासाची वाफ दिसते.
उणे पस्तीस पाहिलेल्या बाईने
ओल्यांवमध्ये
दोन स्वेटर चढवून सूप प्यायलं,
आणि शेजारची दिओलिंदा दारातून पोट धरून हसली.
"पासिएन्सिया," म्हणाली. धीर धर.
हा शब्द इथे सगळ्याला चालतो:
रांगेला, गळक्या नळाला,
परवा तिची मांजर गेली तेव्हा तिलाही.

शब्दांचं मोठं अवघड आहे.
माझ्या भाषेत 'तो' आणि 'ती' एकच.
सदुसष्ट वर्षांत मी कुठल्याही खुर्चीला विचारलं नाही
की तू बाई की बाप्या.
इथे टेबल बाई. मीठ बाप्या. समुद्रही.
दिओलिंदा मनगट धरून शिकवते,
हा नव्हे गं, ही.
ही हात.
मी म्हणते, ही हात,
आणि माझाच हात मला नव्याने भेटतो.

मग एक पत्र आलं. पहिल्यांदाच माझ्या नावाचं.
पेन्शन कचेरीचं:
आपण जिवंत असल्याचा दाखला
तीस दिवसांत सादर करावा.

वॉर्ड कचेरीतली मुलगी
चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली.
मी उभी होते, शिंकलेसुद्धा.
ते पुरेसं नव्हतं.
"तुम्हाला ओळखणारी दोन माणसं आणा. इथली."

दोन माणसं.
रात्रभर मोजत होते.

दिओलिंदा आली, एप्रन तसाच, बोटांना माशांचे खवले.
दुसरी ग्रासिन्दा, विर्गोलिनोची मुलगी,
जिला दर गुरुवारी मी
तिच्या बापाची पत्रं नेऊन देते.
चढाची अठरा मिनिटं. धाप लागते,
पण पिशवी खांद्यावर असली
की पाय आपसूक वाट धरतात.
ब्राझीलची पाकिटं ती फोडत नाही,
परतही पाठवत नाही. फडताळात ठेवते,
साखरेच्या डब्यामागे.
मी विचारत नाही. टपाल वाटणाऱ्याने विचारायचं नसतं.

तिने सही केली, पेन झाकलं,
आणि मुलीला म्हणाली,
"जिवंत आहे. गुरुवारी येते."

शिक्का जरा तिरकाच बसला.
घरी येऊन मी पेटीवर माझं नाव लिहिलं,
त्याच्या नावाखाली, बारीक अक्षरात.
त्याचं खोडायला हात उचलला नाही.
उचलली नाही, म्हणायला हवं.

आज बुधवार, आणि पेटीत काहीच नाही.
उद्या वर जायला काय निमित्त काढावं,
ते दिओलिंदालाच विचारते.
तिच्याच शब्दांत,
बाई-बाप्याचा घोळ घालत.