एक पेंढी उसनी

डिसेंबर लागला तसा मी घरात नियम केला:
जेवायच्या आधी प्रत्येकानं
एकेका गोष्टीचे आभार मानायचे.
कालची गोष्ट आज चालणार नाही.

पहिल्या रात्री योना म्हणाला, भाकरीबद्दल.
सुवार्ता म्हणाली, माझं पण तेच.
दुसऱ्या रात्री बॅट,
आणि नाताळला नवी येणार असेल तर तिचेही, आधीच.
तिसऱ्या रात्री दोघं भिंतीवरच्या पालीपर्यंत पोचले.
पाढे म्हणावेत तसे आभार,
डोळे मिटलेले, एक हात ठेच्याकडं सरकलेला.
पप्पा रोलिंग मिलच्या रात्रपाळीला निघाले होते,
दारातच हसले,
"प्रभूला हजेरी घ्यायला लावलीस की."

मी चिडले.
लेकरांना दिसावं ना, किती आहे आपल्यापाशी!
जालन्यात नळ येऊन नववा दिवस होता,
आणि मी हौदाच्या तळाशी तांब्या खरवडत
सांगत होते, आभार माना.

मग गव्हाणी मांडायची वेळ आली.
शिलाई मशीनचा रिकामा खोका,
कामट्यांना पतंगाचा कागद लावून चांदणी,
मातीचा योसेफ, गेल्या वर्षीच हात मोडलेला,
आणि बाळ, आगपेटीएवढं.
अंथरायला काही नव्हतं.
योनाला पाठवलं चतुराकाकूंच्या गोठ्यावर,
उलीसा कडबा माग म्हणून.

तो अख्खी पेंढी घेऊन आला
आणि चप्पल न काढता उंबऱ्यातच थांबला.
"मम्मी, ही म्हशीची रातची वैरण हाय.
काकू म्हणल्या, ने, बाळ निजायचंय तर ने.
म्हैस माझ्याकडंच बघत होती."

त्या रात्री त्याची पाळी आली
तर तो गप्प.
"कामून रे, सुचेना का?"
"बेथलेहेमात," तो म्हणाला, "त्या गव्हाणीत
बैलाचं खाणं असंल ना?
त्यातच बाळ ठेवलं.
मग बैल त्या रात्री काय जेवला?"

सुवार्तेनं डोळे उघडले.

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगते.
मेंढपाळ सांगते, मागी सांगते,
सोनं, ऊद, गंधरस, सगळं क्रमानं.
उपाशी उभा राहिलेला बैल
माझ्या एकाही नाताळात नव्हता.
"त्याचे आभार," योना म्हणाला,
"आणि काकूंच्या म्हशीचे. आमेन."
भाकरी गार झाली होती.
कुणी लगेच हात लावला नाही.

निजताना सुवार्ता म्हणाली,
"पण काकूंना कळलं का, आपण म्हणलो ते?"
मी अंधारात मोजत पडले
काकूंच्या बोअरवरून आणलेल्या घागरी.
या खेपेला अकरा.
दर वेळी म्हणाले होते, "नळ आला की देते."
पाणी कुणी परत देतं?

नाताळच्या सकाळी, उपासनेहून आल्यावर
ताट घेऊन मी स्वतः गेले:
करंज्या, चकल्या, एक विस्कटलेला अनारसा.
शब्द घशात अडकले.
शेजारणीला आभार म्हटलं की ती परकी होते,
आपल्या भाषेत ते सभेच्या शेवटी म्हणतात.
शेवटी एवढंच निघालं,
"तुमचं पाणी नसतं तर हे तळणं झालं नसतं, काकू."
"येडी का काय, आत ये," त्या म्हणाल्या,
आणि पदरानं डोळे नाही, ताट पुसलं.
रिकामं देऊ नये म्हणून
त्यात गुळाचा खडा ठेवला.

दोन जानेवारीला गव्हाणी आवरली.
कडबा चुरगळला होता,
मेणबत्तीचे थेंब योनानं एकेक वेचून काढले,
बुटाच्या नाडीनं पेंढी बांधली, सैल,
आणि दोघांनी दोन टोकं धरून ती गोठ्यात नेली.
म्हशीनं हुंगलं.
मान हलवली. मग खायला लागली,
सावकाश, आमच्याकडं न बघता.

"मम्मी," सुवार्ता कुजबुजली,
"ती बाळाचं अंथरूण खातीय."

"खाऊ दे," योना म्हणाला,
"तिचंच होतं ते."