फिट नोट

इथे आजारी असल्याच्या कागदाला
फिट नोट म्हणतात.
पहिले सात दिवस आपलं आपण लिहायचं,
आठव्या दिवसापासून डॉक्टर लागतो.
सात दिवस माणसाच्या शब्दावर विश्वास,
हेही काही कमी नाही म्हणा.

सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावला.
रांगेत एकोणिसावी.
स्पीकर चालू ठेवून चहा टाकला,
तो उतू गेला, शेगडी पुसली,
नववी.
वाकताना एक कळ थेट पोटरीपर्यंत गेली.
समोर हॅलिफॅक्सचा चढ,
बस कण्हत कण्हत वर चाललेली.

"काय होतंय, लव्ह?" रिसेप्शनची बाई.
इथे सगळेच लव्ह म्हणतात,
ड्रायव्हर, पोस्टमन, दात काढणारा.
"कंबर," मी म्हणाले.
अर्धं खरं.

शाळेत दादांच्या अक्षरात चिठ्ठी न्यायचे:
'कु. सुलक्षणा हिला थंडीताप आल्याने
काल शाळेत येऊ शकली नाही. कृपया रजा मंजूर व्हावी.'
काल आम्ही जयसिंगपूरला, मावशीच्या साखरपुड्यात.
खानोलकर बाई चिठ्ठीची घडी घालायच्या
आणि विचारायच्या, पेढे आणलेस का गं तापाचे?

डॉक्टर प्रिचर्ड माझ्या धाकट्या भावाएवढा.
एक ते दहामध्ये किती, म्हणाला.
उसण, ठणका, चमक
यांची बेरीज करत बसले.
"सहा."
"कशाने झालं?"
उचलताना.
"काय उचललंत?"

डोरीन सग्डन.
ब्याण्णव वर्षं, वजन सायकलीपेक्षा थोडं जास्त,
पण ओलं माणूस जड होतं.
दोघींनी मिळून उचलायचं, फाइलमध्ये लिहिलंय.
दुसरी त्या सोमवारी ब्रिगहाउसच्या ट्रॅफिकमध्ये.
थांबायला हवं होतं.
पण बाथरूमची फरशी गार होती
आणि ती म्हणाली, "सू, इथं नको."
पुढचं 'लक्षणा' तीन वर्षांत तिला जमलं नाही.
उचललं. पलंगावर ठेवलं. मोजे घातले,
आधी डावा, तिला तसंच लागायचं.
गुरुवारी गेली.

लिअॅनचा मेसेज आला:
वाईट वाटलं ऐकून. तुझे तीन ते चार मोकळे झालेत,
मिस्टर होलरॉइडना घेशील का?
दुःखाच्या रजेचा फॉर्म उघडला.
नातं निवडा.
पती, पालक, अपत्य, भावंडं, इतर.
इतर निवडलं की खालचं बटण
करडं होऊन जातं.

आमच्यात, कधी तोंड न पाहिलेल्या
भावकीतल्या आज्याचंही सुतक धरतात,
दहा दिवस देवाला हात लावत नाहीत.
जिचे केस रोज विंचरले, नखं कापली,
जिच्या दातांची वाटी मी धुतली,
तिचं कोणी धरायचं?
मुलगा पर्थला. त्याने फुलांचे पैसे पाठवलेत.

हे सगळं मी डॉक्टरला सांगितलं की नाही,
आता नक्की आठवत नाही.
काहीतरी सांगितलं असणार,
कारण तो टाइप करायचा थांबला
आणि टिश्यूचं खोकं नुसतं माझ्याकडे सरकवलं.
दहा मिनिटं केव्हाच संपली होती.
"दोन आठवडे पुरतील?"
मी मान हलवली. बुधवारी क्रिमेटोरियम आहे,
तेवढं बसतं त्यात.

संध्याकाळी फोनवर लिंक आली.
कारण: कंबरदुखी.
खालच्या ओळीत: कामास योग्य नाही.
लिअॅनला पुढे पाठवली.
तिने अंगठा पाठवला.

मग बादली भरली.
शॉवर होता, तरी बादलीच भरली
आणि डोक्यावरून घेतलं,
आठ दिवस उशिरा.
तांब्या उचलताना पुन्हा चमक.
तशीच उभी राहिले टाइल्सना धरून, ओली, जड.

मला बरं नाही.
तसं लिहून दिलंय.