दोन रकाने

वही जुनीच. मागच्या पानांवर ब्लाउजांची मापं,
पुढच्या पानांवर श्वास.
डावीकडे बाबा, उजवीकडे तांडेल.
रात्री दोघे झोपले की
सेकंदकाट्याकडे बघत मी मोजते:
बरगडी वर, बरगडी खाली, तो एक.
तिसाच्या आत असतील तर तुम्हीही झोपा,
डॉक्टर कुंकळ्येकर म्हणाले होते.
परवा चव्वेचाळीस. काल एकावन्न.
काल मी तीन ब्लाउजांना हुक लावले.

नाव बाबांनी ठेवलं.
रायबंदरच्या धक्क्यावर हा फेरीबोटीत चढला,
स्कूटरींच्या पुढे, साखळीपाशी,
नदीकडे तोंड करून बसला,
जणू ह्याने सांगितल्याशिवाय बोट सुटायची नाही.
दिवाडीला उतरला तो आमच्या मागून.
तेव्हाही शिंकत होता.
आम्हांला वाटलं, नदीचा वारा लागला असेल.

नऊ वर्षं झाली त्या वाऱ्याला.

घरात आता उदबत्ती नाही.
देवांना सांगून टाकलंय, फुलांवर भागवा.
चतुर्थीला धूप बाहेर, तुळशीपाशी.
शिवणयंत्र बाल्कांवात काढलं, कापडाचे तंतू उडतात म्हणून;
कुणाची कंबर किती वाढली, हे आता सगळ्या मळारला कळतं.
शेजारची एश्पेरांसबाय पाला पेटवायच्या आधी
कुंपणावरून ओरडते, "खिडकी लाव गो!"
आणि मग पेटवतेच.

त्याला वास येत नाही, म्हणून तो जेवत नाही.
भूक नाकात राहते, हे मला ठाऊक नव्हतं.
बांगडा उकडायचा, काटे बोटांनी चाचपून काढायचे,
निवला की पुन्हा गरम करायचा,
नाकपुडीवरची खपली ओल्या मलमलीने पुसायची
आणि घास धरून बसायचं.
कधी जीभ येते. कधी मान वळते.
मान वळली की तो बांगडा मी खाते,
उभ्याने, मिठाशिवाय.

नेब्युलायझर मात्र एकच.
बाबा बत्तीस वर्षं बार्जवर. खनिजाची लाल धूळ.
आई त्यांचे रुमाल वेगळे भिजवायची.
औषधं दोन, मास्क दोन, यंत्र एक,
आणि बाबा रोज म्हणतात,
"आधी त्याला लाव. मला निदान सांगता येतं."
प्लास्टिकने झाकलेल्या खोक्यात नळी सोडते.
आत धुकं साचतं,
आणि धुक्यातून, भरून येणाऱ्या बार्जसारखे,
सावकाश, दोन दिवे.

गेल्या गुरुवारी वीज गेली. मध्यरात्र उलटून.
बोट पलीकडे बांधलेली.
रायबंदरचे दिवे मात्र चालू,
इतके जवळ की हाक मारावी.
न्हाणीत उकळत्या पाण्याचं पातेलं नेलं,
दार लावलं, फटीत टॉवेल कोंबला.
आम्ही तिघं वाफेत.
तांडेल मान लांब करून, कोपरं फाकवून,
तोंड उघडून.
मांजराचं उघडं तोंड मी तोवर जांभईतच पाहिलं होतं.
बाबा पाट ओढून त्याच्यासमोर बसले,
ओठांचा चंबू केला,
बांबोळीच्या इस्पितळात शिकवला होता तसा.
"आत घ्यायची घाई करू नको रे.
आधी सोड. सगळा सोड.
सोडलास की येतो. जातो कुठे?"
एवढं बोलून त्यांनाच धाप लागली.

अंधारात दोन शिट्ट्या, एक बारीक, एक जाड.
हात तांडेलच्या बरगडीवर ठेवून मी मोजत होते
आणि मधेच कळेना
कुणाचे मोजतेय.

पहाटे वीज आली.
आधी फ्रीज गुरगुरला,
मग, बऱ्याच वेळाने, तो.

डॉक्टर म्हणालेत, एक दिवस तुम्ही मला विचाराल,
तेव्हा मी खरं ते सांगेन.
मी अजून विचारलेलं नाही.
वही उघडली. आकडा अडतीस.
डावीकडे की उजवीकडे ठरेना,
म्हणून मधल्या रेषेवरच लिहिला.

रस्त्यावर पदेराचा भोंगा वाजला.
बाबा झोपेतच म्हणाले, "उंडे घे, कडक असतील तर."
तांडेलचा कान दाराकडे वळला.
एकच. डावा.